बर्फावरचे जवाईबापू

पडलेल्या माणसाला हसू नये, असं आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. बजावणारी मंडळी बर्फाच्या रिंगणाच्या कठड्याशी कधी उभी राहिलेली नसणार. रस्त्यात घसरलेला माणूस आधी कुणी पाहिलं का ते बघतो आणि मग गुडघा बघतो. बर्फावर पडलेला माणूस बसल्या जागी हात वर करतो आणि कठड्यापलीकडच्या बायकोला विचारतो, ‘आला का फोटो?’ रीतसर तिकीट काढून, बूट भाड्याने घेऊन, मोजे चढवून तो पडायला आलेला असतो. अशा माणसाला न हसणं हा त्याच्या पैशांचा अपमान आहे.

हे ज्ञान मला दुबई मॉलच्या तळमजल्यावर झालं. तिथलं रिंगण ऑलिंपिकच्या मापाचं, म्हणजे साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद. आत उतरायला पैसे पडतात, बघायला पडत नाहीत. त्यामुळे मराठी माणूस कुठे उभा असतो हे वेगळं सांगायला नको. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत कठड्याला टेकलं की कोपराला गारवा. तासभर उभं राहिलं तरी कुणी ‘काही घेणार का?’ असं विचारत नाही.

माझ्यासोबत मामा होते. मामांचा धामणगाव बढे येथे फोटो स्टुडिओ आहे. ‘बढे’वर जोर द्यावा लागतो, नाहीतर लोक आपल्याला अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेला पोचवून मोकळे होतात. आमचं धामणगाव बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं. आम्हाला गाडी पकडायला मलकापूर गाठावं लागतं. मे महिन्यात ४२ अंश म्हणजे ‘आज जरा बरं आहे’ असं म्हणणारा हा मुलूख. बर्फ आम्हाला दोनच ठिकाणी भेटायचा: भुशात गुंडाळलेली लादी लग्नाच्या सरबतासाठी यायची तेव्हा, आणि मामांच्या स्टुडिओत. तिथे मागच्या भिंतीवर बर्फाच्छादित डोंगरांचा रंगवलेला पडदा होता. खाली तळं, तळ्यात हंस. अंगाची लाही होत असताना पंचक्रोशीतल्या कित्येक नवदाम्पत्यांनी त्या डोंगरांसमोर घाम पुसून फोटो काढलेत. मामेबहीण लग्न होऊन दुबईला गेली, तिने वडिलांना तिकीट पाठवलं आणि सोबतीला म्हणून मला जोडून दिलं. अशा रीतीने मामा आपला कॅमेरा घेऊन खऱ्या बर्फासमोर येऊन उभे राहिले.

पहिली हरकत त्यांनी दिशेवर घेतली. रिंगणातली सगळी माणसं डावीकडे वळत, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत होती. जगभर ही पद्धत आहे. मैदानावरच्या शर्यतीही तशाच धावतात आणि बर्फावरच्याही.

‘काहून हे सारे उलटे फिरून राह्यले?’ मामा म्हणाले. ‘देवाले अशी प्रदक्षिणा घालतेत काय?’

मी म्हणालो, ‘मामा, मधोमध देव कुठे आहे?’

मधोमध देव नव्हता, पण एक मुलगी होती. दहा-अकरा वर्षांची असेल. रिंगणाचा मधला भाग शिकणाऱ्या, सराव करणाऱ्या पोरांसाठी सोडायचा, असा बर्फावरचा अलिखित रिवाज आहे. ती तिथे एका पायावर गरगर फिरत होती, थांबत होती, शिकवणाऱ्या बाईंचं ऐकत होती आणि पुन्हा फिरत होती. फिरून झाल्यावर तिला चक्कर येत नव्हती, ती आम्हाला येत होती. मग तिने उडी मारली. उडी पुढे तोंड करून घेतली आणि उतरताना पाठ करून उतरली. ही अ‍ॅक्सेल उडी. अ‍ॅक्सेल पॉलसन नावाच्या नॉर्वेच्या गड्याने ती १८८२ साली पहिल्यांदा मारून दाखवली आणि अजूनही तीच अवघड समजली जाते, कारण पुढून निघून मागे उतरायचं म्हणजे अर्धी फेरी जास्तीची. अमेरिकेच्या इलिया मालिनिन या पोराने २०२२ साली स्पर्धेत हीच उडी साडेचार फेऱ्यांची मारली. साडेचार फेऱ्या हवेत, आणि तेवढा वेळ एक सेकंदसुद्धा भरत नाही. तेवढ्यात आपला चष्माही नाकावर वर सरकवून होत नाही.

मामांनी त्या मुलीचे फोटो काढले, चांगलेच काढले. पण त्यांचं मन रमेना.

‘पोट्टी झकास हाय,’ ते म्हणाले. ‘पण तिचा फोटो कोनीबी काढते. ती चुकतच नाही ना.’

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. फिगर स्केटिंगच्या स्पर्धांचे फोटो आपण पाहतो, त्यात सगळे जण हात पसरून हंसासारखे उभे असतात. वर्षानुवर्षं तोच हंस. बर्फावरचा खरा माणूस बघायचा तर नजर मधून काढून कडेला आणावी लागते. कठडा धरून चालणाऱ्यांचा एक अख्खा समाज तिथे नांदत असतो. त्यात दाढीवाले तरुण असतात, केरळच्या नर्सबाई असतात, फिलिपिन्सच्या मैत्रिणी असतात, पायघोळ पांढऱ्या अंगरख्यातले अरब बाप असतात, आणि ‘मी कॉलेजात रोलर स्केटिंगला होतो’ असं तिकीट काढताना सांगितलेले पुणेकर असतात. सगळ्यांची पकड सारखी. कठडा असा धरलेला असतो की सुटला तर थेट समुद्रात. लहान पोरांना ढकलायला प्लॅस्टिकचे पेंग्विन मिळतात. पेंग्विनच्या पंखांना धरून चार वर्षांचं पोर सुळकन निघून जातं आणि कठडा धरलेला बाप त्या पेंग्विनकडे ज्या नजरेने बघतो तो फोटो मामांनी काढला आहे. माझ्या मते तो त्यांचा सर्वोत्तम.

मामांच्या हाताला एक वळण होतं, ते इथे कामी आलं. लग्नाच्या फोटोग्राफरचं सगळं आयुष्य एका क्षणासाठी असतं. शेवटचं ‘सावधान’ संपतं, अंतरपाट खाली येतो, अक्षतांचा मारा होतो आणि नवरानवरीचे हार एकमेकांच्या गळ्यात पडतात. हे सगळं दोन सेकंदांत उरकतं, आणि नेमका त्याच वेळी नवरदेवाचा कुणीतरी आतेभाऊ कॅमेऱ्यासमोर आडवा येतो. पुन्हा घ्या म्हणता येत नाही. छत्तीसचा रोल असायचा तेव्हा तर एक फ्रेम फुकट गेली की मामांना जेवण जात नसे. घटना घडल्यावर बटण दाबणारा फोटोग्राफर उपाशी मरतो, ती घडायच्या आधी दाबावं लागतं, हे त्यांना पाठ होतं. थोड्याच वेळात त्यांना पडणारा माणूस पडायच्या आधी ओळखू येऊ लागला.

‘आता थो निळा सदरा जाते पाह्य,’ ते म्हणायचे, आणि निळा सदरा जायचा.

‘कसं कळलं?’

‘पायाकडं पाह्यलं त्यानं. पायाकडं पाह्यलं का मानूस गेला.’

हे शास्त्राला धरून आहे. मान खाली गेली की अंगाचा तोल पुढे जातो, आणि फिगर स्केटच्या पात्याला पुढे करवतीसारखे दात असतात. उड्या मारणाऱ्यांना ते टेकू द्यायला लागतात. नवशिक्याचा पाय पुढे कलला की ते दात बर्फात रुततात आणि माणूस दंडवत घालतो. पात्याची आणखी एक गंमत अशी की ते सुरीसारखं एका धारेचं नसतं. तळाला खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा. शिकलेला माणूस कधी आतल्या धारेवर असतो, कधी बाहेरच्या. न शिकलेला एकाच वेळी दोन्ही पायांच्या चारही धारांवर उभं राहायला बघतो.

बर्फ मुळात घसरडा का, यावर मी मामांना शाळेतलं उत्तर दिलं. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो, पाण्याचा पापुद्रा होतो, त्यावरून आपण घसरतो. हे उत्तर पुस्तकांनी कित्येक पिढ्यांना दिलं आणि ते अपुरं आहे. माणसाच्या वजनाने पडणारा दाब बर्फ वितळवायला फारच थोडा पडतो, आणि नुसत्या चपलेनेही आपण बर्फावर आपटतोच. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू खालच्यांइतके घट्ट बांधलेले नसतात, ते सैल, सुटे असतात आणि घसरगुंडी तिथे सुरू होते. दोन बर्फाचे तुकडे टेकवले की चिकटतात, त्याअर्थी वर ओलसर थर असावा, असं मायकेल फॅरडेने १८५० सालीच म्हटलं होतं. मामांना यातलं काही नवं वाटलं नाही. गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती दाबून बसवतो तो कसा, एवढंच त्यांनी मला विचारलं.

दरम्यान मामांनी एक फोटो धामणगावच्या ग्रुपवर टाकला होता. माझी अपेक्षा होती की ‘वा मामा’, हात जोडलेले, गुलाबाचं फूल असं काही येईल. पण तो गाव शेतकऱ्यांचा.

पहिला प्रश्न आला, ‘किती गुंठे हाय?’

हिशेब केला. अठराशे चौरस मीटर, म्हणजे पावणेअठरा गुंठे. अर्ध्या एकराला सव्वादोन गुंठे कमी.

दुसरा प्रश्न: ‘पाणी किती लागते?’ बर्फाचा थर तीन सेंटिमीटर धरला तर पाणी झालं पन्नास हजार लिटरच्या आसपास. दहा हजारांचे पाच टँकर. ग्रुपवर थोडा वेळ शांतता पसरली. मग कुणीतरी लिहिलं, ‘पाच टँकर नुसते आंथरले?’ त्या वाक्यातली वेदना समजायला मे महिन्यात मोताळा तालुक्यात राहायला हवं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत नेमका होता: ‘लाईट गेली तं?’

मला वाटतं, बर्फाच्या रिंगणाबद्दल जगात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. बर्फाखाली काँक्रीटचा थर असतो, त्यात नळ्यांचं जाळं आणि नळ्यांमधून शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेलं ग्लायकॉलचं किंवा मिठाचं पाणी फिरत असतं. तळाला उष्णतारोधक थर असल्यामुळे वीज गेल्या गेल्या तळं होत नाही, बर्फ काही तास तग धरतो. पण दिवसा थ्री फेज की रात्री, असं वेळापत्रक असलेल्या मुलखात हा धंदा चालायचा नाही. आपल्या देशात याचा अनुभव घेऊन झाला आहे. देहरादूनला २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ‘हिमाद्री’ नावाचं आंतरराष्ट्रीय मापाचं बंदिस्त रिंगण बांधलं. स्पर्धा झाल्या, टाळ्या झाल्या आणि मग चालवण्याचा खर्च परवडेना म्हणून ते कित्येक वर्षं बंद पडून राहिलं. ते पुन्हा सुरू व्हायला आणि तिथे आशियाई पातळीची शर्यत व्हायला २०२५ उजाडलं. सिमल्याचं रिंगण १९२० पासून आहे, पण ते उघड्यावरचं, थंडी पडेल तेव्हा गोठणारं. त्याचं बिल आकाशात जातं.

तरी महाराष्ट्राची पोरं लेहच्या हिवाळी स्पर्धांमध्ये बर्फावर पदकं मिळवून येतात. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर रोलर स्केटिंगचे वर्ग आहेत. चाकांवर वळण घ्यायला शिकायचं आणि वर्षातून काही दिवस बर्फ मिळाला की चाकांच्या जागी पातं लावून तेच वळण घ्यायचं, असा त्यांचा अभ्यास. विहीर नसलेल्या गावातून पोहण्याचं पदक आणल्यासारखं हे आहे. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि आपण ते अगदी थोडंच करतो.

बर्फाचं आणि मुंबई इलाख्याचं तसं जुनं नातं आहे. अमेरिकेतून जहाजाने बर्फ यायचा त्या काळात, १८३०च्या दशकात, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी तेव्हाच्या ‘मुंबई समाचार’ने दिल्याचं सांगतात. पुढे गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचं रिंगण आलं. शाळेच्या सहलीतून तिथे जाऊन ढोपर फोडून आलेली एक पिढी आता मधुमेहाच्या गोळ्या घेते. ते उद्यानही आता बंद झालं.

मशीनने केलेला बर्फ अंथरून त्यावर माणसं घसरवायची कल्पना जॉन गॅमगी या इंग्रजाची. लंडनमध्ये १८७६ साली त्याने पहिलं रिंगण चालवलं. हा गृहस्थ जनावरांचा डॉक्टर. दूरदेशीचं मांस जहाजातून न नासता कसं आणावं याच्या खटपटीत होता, ते राहिलं बाजूला आणि माणसं गोठवलेल्या जमिनीवर नाचू लागली.

एवढ्यात भोंगा झाला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि रिंगणात ट्रॅक्टरसारखं धूड शिरलं. हे झांबोनी. कॅलिफोर्नियात बर्फाचं रिंगण चालवणाऱ्या फ्रँक झांबोनीने १९४९ साली ते बनवलं. पात्यांनी ओरखडलेला वरचा थर ते तासतं, धुतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जातं. गरम अशासाठी की त्यात विरघळलेली हवा कमी असते, ते वरचा बर्फ किंचित वितळवून त्यात मुरतं आणि थर एकजीव होतो. रिंगणाभोवतीच्या माणसांनी स्केटिंगपेक्षा झांबोनीकडे जास्त एकाग्रतेने पाहिलं. मामांनी त्याचा व्हिडिओ गावाला पाठवला. ‘वखरनी चालू हाय’ असा मजकूर घातला, आणि दिवसभरातलं सगळ्यांत जास्त कौतुक त्याला मिळालं.

मी तेव्हाच मामांना सांगून टाकलं की बर्फाला पांढरा रंग देतात. पातळ थरातून खालचं काँक्रीट दिसू नये म्हणून सुरुवातीच्या थरांवर पांढरा रंग फवारायचा आणि त्यावर पुन्हा पाणी गोठवायचं, अशी पद्धत आहे.

मामांनी कॅमेरा खाली घेतला. ‘रंगवलेला हाय?’

‘हो.’

‘म्हंजे आपल्या पडद्यावानीच!’ त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

कठड्याच्या बाहेरची जनता एव्हाना मोबाइल सरसावून होती. या जनतेतली आई सगळ्या देशांत एकच असते. भाषा वेगळी, हातवारे तेच. आधी ‘सोड, सोड, कठडा सोड’, मग पोराने सोडल्यावर ‘धर, धर!’ असं ती ओरडते, आणि या सगळ्यात तिच्या मोबाइलवर स्वतःच्या अंगठ्याचा उत्तम व्हिडिओ तयार होतो. ज्यांचे फोटो येतात त्यांचा बर्फ राखाडी येतो. यात मोबाइलची चूक नाही. कॅमेऱ्याला वाटतं की जग सरासरी करड्या रंगाचं आहे. समोर एवढं पांढरं आलं की तो घाबरून उजेड कमी करतो आणि माणसांचे चेहरे कोळसा होतात. नवरदेवाचा पांढरा सफारी आयुष्यभर हाताळलेल्या मामांनी न बोलता उजेड एका घराने वाढवला होता.

आणि मग जवाईबापू बर्फावर उतरले.

आमच्याकडे जावई म्हणजे काय ते सांगत बसत नाही. त्यांचा पाय दारात पडला की घरातली बरी खुर्ची रिकामी होते. ते पडण्याची तर सोयच ठेवलेली नाही. बँकेत नोकरी, स्वभाव गंभीर. बायको आणि मुलगी ‘चला ना, चला ना’ करून त्यांना घेऊन गेल्या. मुलगी पेंग्विन घेऊन निघून गेली. मामेबहीण, आश्चर्य म्हणजे, बऱ्यापैकी चालली. जवाईबापू कठड्याशी उभे राहून सभेत बोलायला उभे राहिल्यासारखे सगळीकडे पाहत होते. मग त्यांनी सासऱ्याच्या हातात कॅमेरा पाहिला आणि, माणूस कॅमेऱ्यासाठी काय काय करतो बघा, कठडा सोडला.

मामांनी डोळा लावला होता. जवाईबापूंनी पायाकडे पाहिलं.

मामांना ते दिसलं, हे मी शपथेवर सांगतो. सासरा आणि फोटोग्राफर यांचं त्या अर्ध्या सेकंदात काय बोलणं झालं ते देव जाणे. बोट मात्र फोटोग्राफरचं होतं आणि ते बटणावरून उठलं नाही. छत्तीसचा रोल पुरवून वापरणाऱ्या माणसाने एका दमात फोटोंची माळ ओढली. पहिल्या फोटोत जवाईबापू हसताहेत. दुसऱ्यात हसू तसंच आहे, पण डावा हात खांद्याच्या वर गेला आहे. तिसऱ्यात दोन्ही हात उलट्या दिशांना फिरताहेत आणि चष्मा एका कानावर आहे. चौथ्यात दोन्ही पाय आहेत, पण बर्फावर नाहीत. पाचव्यात मागून जाणारं एक पोर पेंग्विन थांबवून आदराने बघतं आहे. त्यापुढच्या सगळ्या फोटोंत जवाईबापू खाली आहेत, हसू मात्र पहिल्या फोटोतलंच, कारण चेहऱ्याला अजून बातमी पोचलेली नाही.

मी हसलो नाही. हसलो असतो तर मामींपर्यंत गोष्ट गेली असती.

‘मामा, पडले का?’

मामांनी कॅमेरा बंद केला, झाकण लावलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘पडले नाही. बसले.’

गावच्या ग्रुपवर तो फोटो गेला नाही. सासऱ्याची ती जबाबदारी त्यांनी चोख पाळली. जवाईबापूंनीच संध्याकाळी जेवताना सगळी माळ बघितली, चौथा फोटो मागून घेतला आणि आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. आता तो त्यांच्या प्रोफाइलला आहे. मामा त्यावर नाखूश आहेत. म्हणतात, तिसरा जास्त चांगला होता.

तुम्ही कधी अशा रिंगणाला गेलात तर जाड मोजे घरूनच न्या, बुटाच्या नाड्या घोट्याशी आवळून बांधा आणि पायाकडे बघू नका. पडलातच तर हात टेकून न बसता आधी मूठ मिटा, मागून येणाऱ्याच्या पायात धारदार पातं आहे. फोटो काढायचा असेल तर दारापाशी गर्दी करू नका. वळणावर उभे राहा, उजेड एक घर वाढवा, काच असेल तर मोबाइल काचेला टेकवा आणि फ्लॅश बंद ठेवा. आणि आत जावई असेल तर बटण दाबण्यापूर्वी मुलीला विचारून घ्या.